जुन्या मीटरचा काटा कुठे चुकतो? गॅरेजमधल्या व्होल्टमीटरची शंभर वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. आकडे सांगताना जिथं माझी घाई झाली होती तिथं एखादं वाक्य वाढवलंय. बाकी बोलण्याचा बाज तोच ठेवलाय.

सुरुवात घरच्या गोष्टीनं करतो. सांगलीकडे एका तालुक्याच्या गावात आमच्या मामांचं गॅरेज होतं. गोष्ट १९९० च्या दशकातली. गॅरेज म्हणजे काय, तर पत्र्याची शेड, जमिनीत खणलेला खड्डा आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेला एक काळा मीटर. काचेमागे काटा, त्याखाली तीन-चार पट्ट्यांचे आकडे, एक फिरवायची घुंडी आणि दोन वायरी, टोकाला लाल आणि काळा चिमटा. घुंडीवर व्होल्ट, ड्वेल, आर.पी.एम. असं लिहिलेलं. मीटर परदेशी होता, जुन्या बाजारातून आलेला होता, आणि मामांचा त्याच्यावर माणसावर नसेल एवढा विश्वास होता.

एके दिवशी वडापची जीप आली. सकाळी सेल्फ मारला की नुसती कुरकुरायची. मामांनी बॅटरीला मीटर लावला. काटा साडेअकरावर. आता बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असेल आणि गाडी बंद असेल, तर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. साडेअकरा म्हणजे बॅटरी संपली. ड्रायव्हरनं उधारीवर नवी बॅटरी घेतली, जुनी दुकानदाराला बदल्यात देऊन टाकली. चार दिवसांनी जीप परत दारात. तीच कुरकुर. मीटर लावला, तर नव्या बॅटरीवरही काटा साडेअकराच्या किंचित पुढे. इंजिन चालू केल्यावर पावणेतेरा. म्हणजे आता संशय अल्टरनेटरवर. तो उतरवायचा म्हणजे आणखी खर्च.

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "मामा, नवी घालूनबी काटा तिथंच हाय. मग जुनी काय वाईट हुती?"

मामांकडे उत्तर नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, माझ्याकडे तर नव्हतंच. आजचा भाग त्या एका प्रश्नाचा आहे. तो सोडवायला थोडं मागं जावं लागेल, चांगलं शंभर वर्षं.

काटा नक्की काय मोजतो?

व्होल्ट हे एकक ठरलं १८८१ साली, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत. तोवर प्रत्येक देशाचं, कधीकधी प्रत्येक प्रयोगशाळेचं माप वेगळं. एकक ठरलं, पण ते मोजायचं कशानं? त्या काळची उपकरणं नाजूक. जवळून लोखंडी वस्तू गेली तरी सुई हलायची. पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही परिणाम व्हायचा.

१८८२ च्या सुमाराला फ्रान्समध्ये देप्रे आणि दार्सोनव्हाल यांनी रचना उलटी केली. चुंबक मोठा आणि स्थिर, आणि त्याच्या दोन टोकांच्या मध्ये तारेचं हलकं वेटोळं टांगलेलं. वेटोळ्यातून वीज गेली की ते वळतं. जेवढी वीज जास्त, तेवढं वळण जास्त. पण हे होतं टेबलावर ठेवायचं नाजूक यंत्र. ते खांद्याला लावून कामावर नेता येईल असं केलं एडवर्ड वेस्टननं. हा मूळचा इंग्लंडचा, १८७० साली अमेरिकेत गेलेला. १८८८ साली त्यानं न्यूअर्क इथं मोजमापाच्या यंत्रांची कंपनी काढली. वेटोळं टांगण्याऐवजी त्यानं ते टोकदार आसावर बसवलं, घड्याळासारख्या बारीक स्प्रिंगा लावल्या, आणि वर्षानुवर्षं जोर टिकवून धरेल असा कायमचा चुंबक तयार करण्यावर मेहनत घेतली.

आता इथं एक गोष्ट मनात पक्की धरा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा काटा व्होल्ट मोजतच नाही. तो मोजतो स्वतःमधून जाणारा करंट. त्याच्यापुढे एक मोठा रेझिस्टन्स जोडायचा आणि हिशोबानं पट्टीवर 'व्होल्ट' लिहायचं. उदाहरणार्थ, एक मिलिअँपिअरला काटा पूर्ण वळत असेल, तर एका व्होल्टसाठी एक हजार ओम लागतात. १५ व्होल्टच्या रेंजला पंधरा हजार. तुम्ही घुंडी फिरवता तेव्हा आत एवढंच होतं, एका रेझिस्टन्सच्या जागी दुसरा येतो.

म्हणजे पट्टीवरचा आकडा तीन गोष्टींच्या भरवशावर असतो. चुंबकाचा जोर, स्प्रिंगचा ताण आणि त्या रेझिस्टन्सची किंमत. वेस्टनला हे पुरतं ठाऊक होतं. तांब्याचा रेझिस्टन्स एका अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्का बदलतो. २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेलात तर आठ टक्के फरक! म्हणून त्यानं तांबं, मँगनीज आणि निकेल यांचा मँगनिन नावाचा मिश्रधातू काढला, ज्याचा रेझिस्टन्स उष्णतेनं जवळपास हलत नाही. एवढ्यावर तो थांबला नाही. मीटर बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी त्यानं १८९३ साली एक प्रमाण सेल तयार केला, १.०१८ व्होल्टचा. १९११ पासून पुढे कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळा व्होल्ट तपासायच्या ते याच सेलवर.

बघा, मीटर बनवणारा माणूसच सांगून गेलाय की मीटरला तपासायला दुसरं काहीतरी लागतं. आमच्या गॅरेजात ते दुसरं काहीतरी नव्हतं. मीटर हाच शेवटचा शब्द होता.

मीटर गाडीखाली आला

गाडीत वीज खऱ्या अर्थानं आणली ती चार्ल्स केटरिंगनं. त्यानं १९०९ साली एडवर्ड डीड्सबरोबर डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. आद्याक्षरं जोडली की होतं डेल्को. आपल्याकडे जुने मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात ना, तो शब्द तिथला! १९१० च्या सुमाराला बॅटरीवर चालणारं इग्निशन आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर. हँडल मारायचं बंद झालं, आणि मिस्त्रीला पाना-पक्कडीबरोबर व्होल्टही कळायची गरज पडली.

इंग्लंडमध्ये पोस्ट खात्यातला एक इंजिनिअर, डोनाल्ड मॅकॅडी, अँपिअर, व्होल्ट आणि ओम मोजायला तीन वेगळी यंत्रं वागवून कंटाळला होता. त्याच्या कल्पनेतून १९२३ साली तिन्ही एकत्र असलेला ॲव्होमीटर आला. पुढे गॅरेजसाठी खास मीटर निघाले. त्यांत व्होल्टबरोबर इंजिनाचे फेरे आणि ड्वेल मोजायची सोय होती. मामांचा मीटर या घराण्यातला.

ड्वेल म्हणजे काय, तर डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट किती अंशांपर्यंत मिटलेले राहतात ते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ९० अंश येतात. त्यातले समजा ६० अंश पॉइंट मिटलेले आणि ३० अंश उघडे. मिटलेले असताना पॉइंटवर व्होल्ट जवळजवळ शून्य, उघडे असताना ढोबळमानानं बारा. काटा जड असतो, त्याला एवढ्या वेगानं खालीवर नाचता येत नाही, मग तो सरासरी दाखवतो. बारापैकी एक तृतीयांश वेळ, म्हणजे चार व्होल्ट. पट्टीवर चारच्या जागी '६०' छापलं की झाला ड्वेल मीटर!

पण यात एक खोच आहे. गाडीचीच बॅटरी उतरलेली असेल, तर सरासरी खाली येते आणि मीटरला वाटतं ड्वेल जास्त आहे. म्हणून काही मीटरांवर 'सेट' अशी घुंडी असते. आधी काटा ठरलेल्या रेघेवर आणायचा, मग मोजायचं. ही घुंडी काय करते हेच माहीत नसल्यामुळे कितीतरी गाड्यांचे पॉइंट उगाच बदलले गेले असतील.

पहिली चूक: आजार मीटरच्याच पोटात

आता गॅरेजातल्या प्रश्नाकडे परत. जुना काट्याचा मीटर चुकीचे व्होल्ट दाखवतोय असा संशय आला, तर आधी चुकीची जात ओळखायची. चूक सगळीकडे सारखी आहे, की ठरावीक टक्क्यानं आहे, की एकाच रेंजला आहे, की दर वेळी वेगळी आहे? एवढं कळलं की अर्धं काम झालं.

सगळीकडे सारखाच फरक, म्हणजे शून्यालाही काटा अर्धा व्होल्ट पुढे आणि बारालाही अर्धा व्होल्ट पुढे, तर काटा शून्यावर बसलेला नाही. काचेखाली बारीक स्क्रू असतो, तो हलक्या हातानं फिरवायचा. मात्र मीटर ज्या स्थितीत वापरणार त्याच स्थितीत. आडवा वापरायचा मीटर उभा धरून शून्य लावला तर काट्याचा तोल बदलतो.

एकाच रेंजला चूक असेल, तर त्या रेंजचा रेझिस्टन्स किंवा घुंडीचे संपर्क. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वर्षांनुवर्षं ओल खाऊन वाढत जातात. रेझिस्टन्स वाढला की करंट कमी, आणि काटा खराखुरा आकडा गाठतच नाही. घुंडी दहा-बारा वेळा गरगर फिरवली आणि आकडा सुधारला, तर दोष संपर्कावरच्या मळाचा.

दर वेळी वेगळा आकडा येतो, काचेवर टिचकी मारली की काटा पुढे सरकतो? मग आत काहीतरी अडकतंय. गॅरेजात लोखंडाचा कीस हवेत असतोच. चुंबक तो ओढून घेतो आणि नेमका वेटोळ्याच्या फटीत नेऊन बसवतो. वायरी चिमट्यापाशी आतून तुटल्या असतील, तरी काटा असाच झोके घेतो. आणि एक गमतीची चूक आहे. प्लॅस्टिकची काच कोरड्या फडक्यानं घासून पुसली की तिच्यावर स्थिर वीज साचते आणि काटा काहीही न जोडता वर चढतो. काचेवर तोंडानं वाफ सोडा, काटा खाली येतो.

राहता राहिली ती टक्क्यातली चूक. छोट्या आकड्याला छोटी, मोठ्या आकड्याला मोठी, पण प्रमाण सगळीकडे तेच आणि सगळ्या रेंजला तेच. असं दिसलं की पहिला संशय चुंबकावर घ्यायचा.

आता मामांच्या गॅरेजात काय झालं ते सांगतो. रात्री जेवताना मामीनं सहज विचारलं, "तुमचा मीटर कुणी तपासला?" मामा चिडले. पण सकाळी दुकानातून टॉर्चचे सहा नवे सेल घेऊन आले. एकेकावर लिहिलेलं १.५ व्होल्ट. सहा जोडले की नऊ. आणि ताजा सेल छापील आकड्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतो, कमी नाही. म्हणजे काट्यानं सव्वानऊ-साडेनऊ दाखवायला हवं होतं. काटा थांबला ८.६ वर. तीन सेल जोडले, तर आकडा निम्मा, ४.३. म्हणजे चूक टक्क्यातली. आठ-नऊ टक्के कमी.

आता गणित उलटं करा. मीटर साडेअकरा दाखवतोय, म्हणजे खरे साडेबारा. पावणेतेरा दाखवतोय, म्हणजे खरे चौदा. बॅटरी ठणठणीत आणि अल्टरनेटरही ठणठणीत! जुनी बॅटरीसुद्धा ठणठणीतच होती.

मग चुंबक अशक्त झाला कसा? वर्षभरापूर्वी मीटर हातातून पडला होता आणि मामांनी तो एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून खोलून घेतला होता. त्यानं चुंबक काढून पुसून जागच्या जागी बसवला. काम नीटनेटकं होतं. पण १९३० च्या दशकानंतर मीटरमध्ये आलेले अल्निकोचे चुंबक लोखंडाच्या चौकटीतून नुसते बाहेर काढले, तरी जोर घालवून बसतात. काढण्याआधी टोकांना लोखंडी पट्टी लावायची असते. हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वेस्टननं ज्या गोष्टीसाठी आयुष्य वेचलं, ती दहा मिनिटांच्या साफसफाईत गेली.

दुसरी चूक: मीटर बरा, पण गाडी दुसऱ्या जमान्यातली

कधीकधी मीटरमध्ये काही बिघाड नसतो. तो ज्या गाड्यांसाठी बनला त्या गाड्या बदललेल्या असतात.

सुरुवातीच्या बहुतेक गाड्या सहा व्होल्टच्या. अमेरिकन कंपन्या १९५० च्या दशकाच्या मध्यात बारावर गेल्या, कारण इंजिनं मोठी झाली आणि सेल्फला जोर पुरेना. त्या आधीच्या मीटरवर ठळक पट्टी असते ती सहा व्होल्टच्या हिशोबाची, आणि चुकीच्या पट्टीवर वाचलं की आकडा थेट निम्मा किंवा दुप्पट. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला जोडलेलं असायचं. अशा गाडीच्या बॉडीला सवयीनं काळा चिमटा लावला की काटा शून्याच्या मागे धडकतो. लोक म्हणतात मीटर गेला. तो गेलेला नसतो, उलटा जोडलेला असतो.

मग डायनॅमो गेला आणि अल्टरनेटर आला. १९६० च्या प्लिमथ व्हॅलियंटनं तो रोजच्या गाड्यांत आणला, पुढे सगळ्यांनी. अल्टरनेटर मुळात एसी तयार करतो आणि आतले डायोड तिची डीसी करतात. त्यातला एक डायोड जळाला तर विजेत खड्डे पडतात, पण आपला जड काटा सरासरी दाखवणारा! तो आकडा थोडासाच खाली दाखवतो आणि दोष झाकून जातो. ड्वेलला जो गुण उपयोगी पडला, तोच इथं अवगुण ठरतो. इथं एसी व्होल्ट मोजणारा मीटर लागतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसली, तर डायोडकडे बघायचं.

तिसरी चूक: मीटर स्वतःच घोटभर पितो

आता सगळ्यात फसवी चूक. आधी म्हटलं तसं, काट्याचा मीटर चालतो तो ज्याला मोजतोय त्याच्याचकडून करंट घेऊन. बॅटरीला त्याचं काही वाटत नाही. विहिरीतून तांब्याभर पाणी काढलं तर पातळी हलत नाही. पण वाटीतून तांब्याभर काढायला गेलात तर?

सरळ आकड्यात सांगतो. बारा व्होल्टवर दहा-दहा हजार ओमचे दोन रेझिस्टन्स ओळीनं जोडले. मधल्या ठिकाणी खरे सहा व्होल्ट आहेत. एका व्होल्टला हजार ओमवाला जुना मीटर दहाच्या रेंजवर लावला, म्हणजे त्याचे स्वतःचे दहा हजार ओम. तो दाखवतो चार व्होल्ट! एका व्होल्टला वीस हजार ओमवाला चांगला मीटर दाखवतो साधारण ५.८५. आणि दहा मेगाओमचा डिजिटल जवळजवळ पूर्ण सहा. तिन्ही मीटर दुरुस्त आहेत. मोजायला हात लावला आणि मोजायची गोष्टच बदलली.

पॉइंट-कॉइलच्या जमान्यात गाडीत अशी 'वाटी' फारशी नव्हतीच. सगळ्या विहिरी. बदल झाला १९७६ साली, जेव्हा बॉशचा लॅम्बडा सेन्सर वोल्वोच्या कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत आला. धुरातला ऑक्सिजन बघून तो साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो, आणि तेही अगदी दुबळ्या हातानं. त्याला जुना गॅरेज मीटर लावा, सेन्सर चांगला असून मेलेला दिसेल. दुसऱ्याच वर्षी, १९७७ साली, फ्लुक कंपनीचा ८०२०ए हा हातात मावणारा डिजिटल मीटर आला, दहा मेगाओमचा. गाडीत इलेक्ट्रॉनिक्स शिरलं आणि मोजणारा हात हलका झाला, दोन्ही जवळजवळ एकदमच.

मग जुना मीटर भंगारात घालायचा का? थांबा. १९८१ च्या सुमाराला जनरल मोटर्सनं कार्बोरेटर संगणकाच्या ताब्यात दिला. कार्बोरेटरमधली एक वीजचालित सुई सेकंदाला दहादा उघडमिट करायची. ती किती वेळ चालू राहते हे मिस्त्रीनं कसं बघायचं? कंपनीनं सांगितलं, जुना ड्वेल मीटर काढा, सहा सिलिंडरच्या पट्टीवर लावा, काटा तीसच्या आसपास झुलत असेल तर ठीक. पॉइंट गेले, पण सरासरी दाखवणारा काटा पुन्हा कामाला आला.

आणि डिजिटलही फसवतो बरं का. गंजलेल्या जोडावर ओलीतून समजा पन्नास हजार ओमची वाट उरली आहे. डिजिटल तिथं ११.९ दाखवेल, कारण तो जवळजवळ काहीच घेत नाही. मिस्त्री म्हणेल, वीज येतेय, बल्ब गेला असणार. जुना पंधरा हजार ओमचा मीटर त्याच ठिकाणी २.८ दाखवेल. इथं खरं कोण बोललं? तारेच्या दुसऱ्या टोकाला दिवा लावायचा असेल, तर जुना. म्हणून जाड वायरी, दिवे आणि सेल्फ यांच्यासाठी मोजताना जोडणीवर भार हवा, आणि सेन्सरच्या बारीक वायरींवर उलट अजिबात नको. तिथं टेस्ट लॅम्पही लावायचा नाही, आतला संगणक जळू शकतो.

आपल्याकडे हे सगळं उशिरा का आलं?

कारण आपल्या गाड्या थांबून राहिल्या होत्या. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी फियाट ११०० ची, आणि उत्तरपाड्याची अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डची. दोन्हींची मुळं १९५० च्या दशकातली आणि दोन्ही एकविसाव्या शतकापर्यंत रस्त्यावर. मुंबईत पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी तर २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस इतिहासजमा झाली. चाळीस-पन्नास वर्षं पॉइंट तेच, डेल्को तोच, मग मीटर बदलायचं कारणच काय? वडिलांचा मीटर मुलानं वापरला. नंतर २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंजेक्शनवाल्या गाड्या आल्या आणि चार-पाच वर्षांत सगळं एकदम अंगावर आलं. ज्या काट्यावर दोन पिढ्या जेवल्या, तोच काटा नव्या गाडीवर काहीच्या काही सांगू लागला. पुष्कळ चांगले हात त्या काळात 'याला आता काही कळत नाही' असं ऐकून घरी बसले. त्यांचा हात बिघडला नव्हता. त्यांच्या मीटरचा आणि गाडीचा जमाना जुळत नव्हता, आणि ते सांगणारं कुणी नव्हतं.

मग करायचं काय?

ज्यांच्याकडे जुना मीटर आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो. मीटर लाकडावर किंवा रबरावर ठेवा, बॉनेटच्या पत्र्यावर नको. जवळचं लोखंड काही जुन्या मीटरांचा काटा ओढतं. शून्य बघा. चिमटे एकमेकांना लावून काटा शून्यावरच राहतो का बघा. घुंडी डीसी व्होल्टवर आहे, ड्वेलवर नाही, याची खात्री करा. मग ताजे सेल जोडून दोन वेगवेगळ्या आकड्यांना पडताळा घ्या. चूक किती आणि कुठल्या जातीची, ते कागदावर लिहून मीटरच्या पाठीला चिकटवा. टक्केवारीतली चूक ठाऊक असेल तर मीटर फेकायची गरज नाही, गुणाकार येतो ना! आत चुंबकाला मात्र हात लावू नका.

त्यानंतरच गाडी. बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६, चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.४, आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. हे तिन्ही आकडे बरोबर असूनही सेल्फ कुरकुरत असेल, तर एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरा इंजिनाच्या मोकळ्या लोखंडाला लावून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. तिथं काटा जवळपास हलायलाच नको. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थच्या जोडात दोष.

त्या जीपचा दोष अगदी तिथंच निघाला. इंजिनाकडून चासीकडे जाणारी अर्थची पट्टी बोल्टाखाली गंजली होती. मामांनी ती काढली, पॉलिश पेपरनं घासली, परत आवळली. सेल्फ एका झटक्यात. काम वीस मिनिटांचं.

मामांनी ड्रायव्हरला खरं सांगितलं. जुनी बॅटरी चांगली होती, चूक माझ्या मीटरची, म्हणजे माझी. नव्या बॅटरीचे निम्मे पैसे ते देऊ लागले. ड्रायव्हरनं घेतले, मोजले, खिशात ठेवले, आणि काही न बोलता गेला. परत कधी आला नाही. मामांना ते फार लागलं. पैशापेक्षा त्याच्या न बोलण्याचं जास्त.

मीटर त्यांनी टाकला नाही. पुढे नवा डिजिटल घेतला, तरी जुना त्याच खिळ्याला राहिला, पाठीवर कागद चिकटवलेला: 'नऊ टक्के कमी दाखवतो.' दर सोमवारी गॅरेज उघडलं की पूजा, उदबत्ती, आणि मग सहा सेल काढून दोन्ही मीटरांचा पडताळा. एखादं गिऱ्हाईक घाई करायला लागलं, तर मामा म्हणायचे, "थांबा जरा. आधी याला विचारतो, मग तुमच्या गाडीला."

तर मंडळी, तुमच्या घरी किंवा गॅरेजात असा काट्याचा जुना मीटर असेल तर सेल लावून बघा आणि तो किती टक्के चुकतोय ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार!